क्लेम नाकारला, पद मंजूर नाही : ऑक्युपेशनल थेरपिस्टनं बाजू मांडायला सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पक्षाघातानंतरच्या एका रुग्णाची पुढची सेशन्स विमा कंपनीनं नाकारली. कारण दिलं, ‘फिजिओथेरपी सुरू आहे, सेवेची पुनरावृत्ती होते’. त्याच महिन्यात सरकारी रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत म्हणून उपचार करणाऱ्याचं, पद असावं म्हणून तुम्ही आणि सहकाऱ्यांनी दिलेल्या निवेदनावर ‘तरतूद नाही’ एवढाच शेरा आला. हे लढणं संघटनेचं काम की माझं, आणि माझं असेल तर सुरुवात कुठून करू, असं तुम्ही विचारलंय.

काम दोघांचंही आहे. पण सुरुवात तुमच्या आजच्या नोंदीपासून होते. सव्वीस वर्षं हे काम केल्यावर माझी याबद्दल खात्री झाली आहे, आणि ती ज्या प्रसंगानं झाली तो आधी सांगते.

माझ्याकडे शिवणकाम करणारे एक गृहस्थ येत होते. तळहातापाशी टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, कापला गेला होता, शस्त्रक्रिया नीट झाली होती, स्प्लिंटचे आठवडे संपले होते. बोटं मिटत होती, उघडत होती. बाराव्या सेशननंतर विमा कंपनीचं पत्र आलं : ‘हालचालीत समाधानकारक सुधारणा. पुढील उपचारांची वैद्यकीय गरज दिसून येत नाही.’ मी संतापले. या माणसाला अजून कात्री धरवत नव्हती, आणि कुठेतरी बसलेल्या कुणीतरी त्याला बरा ठरवलं होतं. अपील लिहायला फाईल उघडली आणि माझ्याच अक्षरातली शेवटची नोंद वाचली : ‘हालचालीत समाधानकारक सुधारणा. प्लॅन चालू ठेवणे.’ त्यांनी माझंच वाक्य मला परत पाठवलं होतं.

पुढच्या वेळी येताना त्यांना त्यांची रोजची मोठी कात्री आणायला सांगितलं. दुहेरी जाड कापडावर खडूनं रेघ मारली आणि शेजारी घड्याळ घेऊन बसले. पहिली दोन मिनिटं कात्री रेघेवरून गेली. चौथ्या मिनिटाला करंगळी आणि अनामिका कात्रीच्या कडीतून सुटायला लागली, मनगट वाकडं झालं, कापड रेघेबाहेर कापलं गेलं. सहाव्या मिनिटाला त्यांनी कात्री खाली ठेवून हात मांडीवर दाबून धरला. दुखापतीआधी ते सलग तासभर कापायचे. ही सगळी निरीक्षणं मी मिनिटांसकट लिहिली, पकडीची ताकद दोन्ही हातांची मोजून बाजूला मांडली, आणि पुढच्या आठ सेशन्सचं उद्दिष्ट लिहिलं : वीस मिनिटं, दुहेरी कापड, रेघेबाहेर न जाता, मध्ये एकच विश्रांती. अपील मंजूर झालं. रुग्ण तोच होता आणि हातही तोच. बदललं होतं ते फक्त कागदावरचं वर्णन.

क्लेम तपासणारी व्यक्ती तुमच्या खोलीत नसते. तिच्यापुढे निदान, बिलातला उपचाराचा कोड, सेशन्सची संख्या आणि तुमच्या नोंदी असतात, आणि एका फाईलला ती फार वेळ देऊ शकत नाही. तिला तीन गोष्टी शोधायच्या असतात. या माणसाला काय करता येत नाही? ते करता यावं म्हणून जे चाललंय त्याला प्रशिक्षित थेरपिस्टच का लागतो? आणि हे कधी थांबणार? ‘रुग्णानं सेशन चांगलं सहन केलं’ या वाक्यात तिन्हींचं उत्तर नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या नोंदी अशा वाक्यांनी भरलेल्या असतात, कारण त्या आपण दिवस संपताना घाईत, स्वतःसाठी लिहितो. त्या आपल्या रुग्णाच्या वतीनं कुणी अनोळखी माणूस वाचणार आहे हे डोक्यात ठेवून लिहा.

आता तुमचा ‘पुनरावृत्ती’चा मुद्दा. हे कारण आपल्या वाट्याला सर्वांत जास्त येतं, आणि त्यावर ‘ऑक्युपेशनल थेरपी ही वेगळी शाखा आहे’ असा उतारा लिहून पाठवला जातो. तो वाचून कुणाचंही मत बदलत नाही. शाखेची व्याख्या सांगू नका, या रुग्णाचा सकाळचा एक तास सांगा. फिजिओथेरपिस्ट त्यांना उभं राहायला, तोल सांभाळायला, चालायला शिकवतायत. तुम्ही त्यांना एका हातानं शर्ट घालायला, खुर्चीवर बसून आंघोळ करायला आणि डाव्या बाजूचं भान सुटलं असताना डावीकडची वस्तू शोधायला शिकवताय. बेसिनच्या डावीकडे ठेवलेला ब्रश त्यांना तीनदा शोधूनही सापडत नसेल, तर ते तसंच लिहा. पत्नीला रोज किती वेळ त्यांच्यासोबत न्हाणीघरात थांबावं लागतं तेही लिहा. आणि शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टकडून चार ओळी लिहून घ्या : माझी उद्दिष्टं ही, यांची उद्दिष्टं ती, दोन्ही एकाच वेळी का लागतात. त्यांची सही असलेल्या या चार ओळींचं वजन आपल्या चार पानांहून जास्त असतं. त्याच पत्रात त्यांच्या शाखेला कमी लेखणारा एक शब्दही नको. तसा शब्द दिसला की तपासणारा माणूस ते दोन शाखांचं भांडण समजतो आणि फाईल मिटतो.

दुसरं नेहमीचं कारण ‘सुधारणा थांबली आहे’ हे. इथे एक खटला माहीत असायला हवा. अमेरिकेत मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या, सरकारी आरोग्य विमा योजनेच्या लाभार्थींना वर्षानुवर्षं हेच सांगून उपचार नाकारले जात होते. व्हरमाँट राज्यातल्या ग्लेंडा जिमो यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात २०१३ साली न्यायालयानं तडजोड मंजूर केली, आणि स्पष्ट झालं की सुधारणा होण्याची शक्यता ही उपचार मंजूर करण्याची कसोटी नाही. आहे ती क्षमता टिकवण्यासाठी किंवा घसरण मंदावण्यासाठी कुशल सेवेची गरज आहे का, हे पाहायचं. ती तडजोड तिथल्या योजनेपुरती आहे, दुसऱ्या देशातल्या विमा कंपनीवर बंधनकारक नाही. पण त्यातली मांडणी कुठेही वापरता येते. पार्किन्सन्सच्या रुग्णाबद्दल ‘प्रगती नाही’ असं लिहायचं नसतं. ‘आजार पुढे सरकत असतानाही सहा महिने स्वतःच्या हातानं कपडे घालणं टिकून आहे, त्यासाठी दोनदा पद्धत बदलावी लागली, आणि ते बदल ठरवायला मूल्यमापन लागलं’ असं लिहायचं असतं. शेवटचा वाक्यांश विसरू नका. घरातल्या कुणालाही करता येण्याजोगं काम असेल तर विमा कंपनीनं थेरपिस्टचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे.

मुलांच्या बाबतीत ‘हे शैक्षणिक आहे’ आणि साधनांच्या बाबतीत ‘ही सोयीची वस्तू आहे’ ही दोन कारणं येतात. दोन्हींचं उत्तर त्याच धाटणीचं. बाथरूममधला आधाराचा दांडा ‘सोय’ वाटतो, कारण आपण तो वस्तूंच्या यादीत टाकतो. आधीच्या तीन महिन्यांत दोनदा पडल्याची नोंद त्याच्या शेजारी लिहिली की तो वेगळा दिसतो.

मापनपट्ट्यांबद्दल. आकडे हवेतच, पण कुठली पट्टी काय सांगत नाही हे ठाऊक असलं पाहिजे. फिम ही रोजच्या कामांत किती मदत लागते ते मोजणारी पट्टी. तिच्यात १८ बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ७ गुण, एकूण १८ ते १२६. खाणं, कपडे, आंघोळ अशी स्वतःची रोजची कामं मोजणारा बार्थेल निर्देशांक १०० पर्यंत जातो. तो १९६५ साली मांडणाऱ्यांनीच लिहून ठेवलंय की १०० गुण मिळालेला रुग्ण एकटा राहू शकेलच असं नाही. स्वयंपाक, घर सांभाळणं, बाहेर लोकांत वावरणं त्यात मोजलंच जात नाही. विमा कंपनी ‘बार्थेल १००, स्वावलंबी’ असं म्हणेल तेव्हा ही एक ओळ उपयोगी पडते. सीओपीएम या रुग्णाशी बोलून भरायच्या पट्टीत रुग्ण स्वतः निवडलेल्या कामाला १० पैकी गुण देतो, आणि दोन किंवा अधिक गुणांचा फरक अर्थपूर्ण मानला जातो. मी शक्यतो दोन्ही ठेवते, आपण पाहिलेलं आणि रुग्णानं सांगितलेलं.

अपिलाच्या पत्रात नाकारण्याचं त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या, पॉलिसीतलं नेमकं कलम मागा, आणि तपासणारा ऑक्युपेशनल थेरपिस्ट असावा अशी लेखी विनंती करा. विनंती मान्य होवो न होवो, ती नोंदीत राहते. वैद्यकीय अधिकाऱ्याशी फोनवर बोलायची संधी मिळाली तर सोडू नका. तो माणूस शत्रू नसतो. मी फोनच्या आधी एका कागदावर तीन वाक्यं लिहून ठेवते : काय जमत नाही, त्यामुळे कोणता धोका आहे, किती सेशन्स हव्यात. मग ऐकते. अनेकदा कळतं की अडचण वेगळीच होती. कोड चुकला होता, किंवा डॉक्टरांच्या शिफारशीवर तारीख नव्हती.

आणि एक गोष्ट कठोरपणे सांगते. मंजुरी मिळावी म्हणून निदान फुगवू नका, न झालेलं सेशन लिहू नका, रुग्णाची अवस्था आहे त्याहून वाईट दाखवू नका. कळवळ्यानं असं करणारे सहकारी मी पाहिलेत. एक खोटी नोंद सापडली की त्या कंपनीत पुढची कित्येक वर्षं आपल्या सगळ्यांच्या खऱ्या नोंदींकडे संशयानं पाहिलं जातं. ज्याची सेशन्स खरंच संपायला हवीत त्याला वेळेवर मोकळं करणं, हाही आपली बाजू मांडण्याचाच भाग आहे. तुम्ही थांबवता हे दिसलं, तर तुम्ही मागता तेव्हा ऐकलं जातं.

आता सरकारकडे वळते. आमचं पहिलं शिष्टमंडळ नऊ जणांचं होतं. वीस मिनिटं मिळाली. आम्ही वेतनश्रेणी, पदनाम, आपल्याला मान नाही, लोक आपल्याला फिजिओ समजतात, हे सगळं बोललो. अधिकारी सभ्य होते. शेवटी त्यांनी विचारलं, “तुम्ही नसल्यामुळे रुग्णालयातून घरी गेलेल्या माणसाचं काय अडतं, ते कुणी सांगेल का?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्हा प्रत्येकाकडे त्याची शंभर उत्तरं होती, आणि निवेदनात एकही नव्हतं. दुसऱ्यांदा गेलो ते तिघं जण, एक पान घेऊन, आणि सोबत एक आई, तिच्या स्वतःच्या इच्छेनं आलेली. तिनं पाच मिनिटांत सांगितलं की मुलाला घरी नेल्यावर पहिल्या महिन्यात काय काय झालं. पद त्या वर्षी मंजूर झालं नाही. पण त्या खात्याच्या पुढच्या मसुद्यात आपल्या शाखेचं नाव आलं, आणि नाव आल्यावर पुढच्या मागणीला धरायला काहीतरी मिळालं.

‘तरतूद नाही’ या शेऱ्याचा अर्थ बऱ्याचदा खरंच तेवढाच असतो : रकाना नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसायांच्या वर्गीकरणाच्या २००८ च्या आवृत्तीत फिजिओथेरपिस्टना स्वतःचा गट आहे, क्रमांक २२६४. ऑक्युपेशनल थेरपिस्ट २२६९ मध्ये येतात, म्हणजे ‘अन्यत्र वर्गीकृत नसलेले आरोग्य व्यावसायिक’. जे ‘इतर’मध्ये मोजले जातात त्यांची संख्या कुणाला कळत नाही, आणि संख्या नसली की अंदाजपत्रकात जागा होत नाही. म्हणून पदाच्या मागणीबरोबर मोजणीची मागणी करा. सरकारी सेवेत आपण किती आहोत, किती जागा रिकाम्या आहेत, किती रुग्णांना पाठवलं गेलं आणि किती पोचलेच नाहीत, हे वेगळ्या रकान्यात नोंदवा असं मागणं कुणाला खर्चिक वाटत नाही, आणि ते मान्यही लवकर होतं. भारतात २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात व्यवसायोपचाराला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीला, स्वतःचा वर्ग मिळाला. कायद्यातला स्वतंत्र वर्ग म्हणजे असाच एक रकाना. तो भरायचं काम त्यानंतर सुरू होतं.

वेळ किती लागतो याची कल्पना असावी, नाहीतर दोन वर्षांत माणसं थकून जातात. अमेरिकेत १९९७ च्या एका अंदाजपत्रकी कायद्यानं मेडिकेअरमधल्या थेरपीवर वार्षिक मर्यादा घातली, ऑक्युपेशनल थेरपीसाठी १५०० डॉलर, आणि फिजिओथेरपी व वाचा-उपचार दोन्ही मिळून १५०० डॉलर. ती मर्यादा कायमची रद्द झाली २०१८ साली. मधल्या वीस वर्षांत तिथल्या संघटनांनी आधी अंमलबजावणी पुढे ढकलून घेतली, २००६ पासून अपवादांची तरतूद मिळवली, तीही पुन्हा पुन्हा वाढवून घेतली. तीनही शाखा एकत्र लढल्या. घरी जाऊन द्यायच्या सेवेत रुग्णाचं पहिलं मूल्यमापन ऑक्युपेशनल थेरपिस्टनं करायला तिथे १ जानेवारी २०२२ पासून परवानगी मिळाली, तीही नर्सिंगची सेवा नसेल आणि सोबत फिजिओथेरपी किंवा वाचा-उपचार असेल तरच. अर्धवट यश वाटतं, पण मी ते घेतलं असतं.

२०१७ साली त्याच देशात मूल्यमापनाच्या एका कोडऐवजी गुंतागुंतीनुसार तीन कोड आले, ९७१६५ ते ९७१६७. मेडिकेअरनं तिन्हींना दर मात्र सारखाच ठेवला. तरीही कुठल्या थेरपिस्टकडे किती अवघड रुग्ण येतात हे त्यामुळे पहिल्यांदा मोजता येऊ लागलं. दराची पुढची बोलणी करायची तर हातात हेच आकडे लागतात.

पुराव्याबद्दल एक सावधगिरी. दोन अभ्यास मी नेहमी जवळ ठेवते. एक १९९७ चा, लॉस एंजेलिसमधल्या ३६१ स्वावलंबी वृद्धांचा. नऊ महिने ऑक्युपेशनल थेरपी मिळालेल्या गटाला आरोग्य, कार्यक्षमता आणि जीवनमान यांत फायदा झाला. नुसत्या सामाजिक कार्यक्रमांत भाग घेतलेला गट मात्र काहीच न मिळालेल्या गटापेक्षा वेगळा ठरला नाही. ‘हे लोक रुग्णांना नुसतं कशात तरी गुंतवून ठेवतात’ या समजाला याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. दुसरा अमेरिकन रुग्णालयांच्या खर्चाचा, २०१७ साली छापून आलेला. खर्चाच्या १९ बाबी तपासल्या, आणि हृदय निकामी होणं, न्यूमोनिया व हृदयविकाराचा झटका या तिन्हींत पुन्हा दाखल होण्याचं प्रमाण कमी असण्याशी संबंध दिसला तो फक्त ऑक्युपेशनल थेरपीवरच्या खर्चाचा. अर्थखात्याच्या माणसाला हे पान दाखवण्यासारखं आहे. पण ‘संबंध दिसला’ असंच म्हणा. ‘यामुळे कमी झालं’ म्हणालात आणि समोर सांख्यिकी जाणणारा बसला असेल, तर तुमचं बाकीचं बोलणंही तो ऐकणार नाही.

नियमांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी खुले होतात तेव्हा झोपून राहू नका. माझ्या मते आपल्या शाखेनं सर्वांत जास्त संधी इथेच घालवल्या आहेत. मोठा मोर्चा काढून जे मिळत नाही ते कधीकधी एका कलमात ‘फिजिओथेरपिस्ट’च्या पुढे ‘किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट’ एवढे शब्द घातल्यानं मिळतं. सूचना पाठवताना भावना लिहू नका. कलमाचा क्रमांक, आत्ताचं वाक्य, आम्ही सुचवतो ते वाक्य, आणि खाली दोन ओळींत कारण. मसुदा लिहिणाऱ्या कक्षातल्या माणसाला ते वाक्य सरळ उचलून ठेवता आलं पाहिजे. या माणसांना विसरू नका. वरचे अधिकारी बदलतात, पण फाईल कुठल्या टेबलावर आहे आणि तिच्यात काय कमी आहे हे टिपणी लिहिणाऱ्याला माहीत असतं. निवेदनाची पोच घ्या, आवक क्रमांक लिहून ठेवा, आणि दर महिन्याला तोच क्रमांक घेऊन नम्रपणे विचारा.

संघटनेचं काम इथे येतं. एकट्या माणसाला मसुद्यांवर नजर ठेवणं जमत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टचा जागतिक महासंघ १९५२ साली दहा देशांच्या संघटनांनी मिळून स्थापन केला, त्यात भारतही होता. एकत्र येण्याची सवय या शाखेला जुनी आहे. पण संघटनेकडे पाठवायला तुमच्याकडे काही हवं. नाकारलेल्या क्लेम्सची नावं झाकून एक यादी करा : तारीख, नाकारण्याचं कारण त्यांच्याच शब्दांत, अपील केलं का, काय झालं. पंचवीस थेरपिस्टनी वर्षभर अशी यादी ठेवली तर एकाच कंपनीचं तेच वाक्य कितीदा आलं ते दिसतं. मग नियामकापुढे जाताना हातात तक्रार नसते, नमुना असतो.

तुमच्या रुग्णाच्या अपिलासाठी मात्र यादी होईपर्यंत थांबू नका. पत्रावरची तारीख बघा. अपिलाची मुदत त्या तारखेपासून मोजतात की पत्र मिळाल्यापासून, हे पॉलिसीत वाचा. रुग्णाची किंवा पत्नीची लेखी संमती घ्या, अपिलावर सही त्यांचीही हवी. पुढच्या सेशनला त्यांना दात घासायला आणि शर्ट घालायला लावा, घड्याळ लावून, काहीही मदत न करता जितकं सुरक्षित आहे तितकं. डावीकडचा ब्रश सापडायला किती वेळ लागला तो आकडा पहिल्या परिच्छेदात टाका. फिजिओथेरपिस्टना आजच फोन करा. त्यांनाही हे पत्र आलं असण्याची शक्यता आहे, फक्त त्यात पुनरावृत्ती करणारा म्हणून तुमचं नाव असेल.